ऊद : साथीकडून स्वतंत्र वादनाकडे

ऊद या अरबी वाद्याला पडदे नसतात. स्वर बोटाने व कानानेच शोधावा लागतो. गायकाची साथ हे त्याचे पूर्वापार मुख्य काम. १९३० च्या दशकात इस्तंबूलचे शरीफ मुहिद्दीन हैदर बगदादच्या संगीत संस्थेत शिकवू लागले आणि चित्र पालटले. ते चेलोवादकही होते. डाव्या हाताची चारही बोटे, दांडीच्या टोकापर्यंतचे तार स्वर, रीशाचे (आपल्याकडील जव्याचे) खालून-वरून समान आघात, यांवर त्यांचा भर होता. जमील व मुनीर बशीर हे बंधू त्यांचे शिष्य.

या चपळाईत मकामाचा ठेहराव हरपेल काय? मुनीर यांनी तेच तंत्र पचवून संथ, आलापासारखी तक्सीम मैफलीच्या केंद्रस्थानी आणली. साथीचे वाद्य एकट्याने बोलू लागले.