फटाकेबंदीनं हवा खरंच सुधारते का? दिल्लीचा दहा वर्षांचा अनुभव काय सांगतो

२०१५ साली सर्वोच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली. याचिकाकर्ते तिघं होते आणि तिघांपैकी एकालाही अजून धड बोलता येत नव्हतं. सहा ते चौदा महिन्यांची ही दिल्लीतली बाळं होती. पालकांमार्फत त्यांची मागणी होती की, आमची फुप्फुसं अजून वाढायची आहेत, तेव्हा हवा विषारी करणाऱ्या गोष्टींना आवर घाला. त्या गोष्टींमध्ये फटाके होते. 'अर्जुन गोपाळ विरुद्ध भारत सरकार' या नावानं ओळखलं जाणारं हे प्रकरण दहा वर्षं उलटली तरी संपलेलं नाही. फटाक्यांच्या धुराबाबत आज देशात जे नियम आहेत, त्यांतले बरेचसे यातूनच आले.

त्याआधी न्यायालयानं फटाक्यांकडे मुख्यतः आवाजाचा प्रश्न म्हणून पाहिलं होतं. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवू नयेत, हा नियम २००५ च्या निकालातला आहे.

बंदी, सवलत, पुन्हा बंदी

२०१६ च्या दिवाळीनंतर दिल्लीवर दाट धुरकं पसरलं आणि ११ नोव्हेंबरला न्यायालयानं दिल्ली व आसपासच्या राजधानी क्षेत्रातले फटाके विक्रीचे परवाने स्थगित केले. सप्टेंबर २०१७ मध्ये ही स्थगिती उठली. ९ ऑक्टोबरला, दिवाळी दहा दिवसांवर असताना, ती पुन्हा लागू झाली.

सगळ्यात महत्त्वाचा निकाल २३ ऑक्टोबर २०१८ चा. न्यायालयानं सरसकट बंदी नाकारली, पण अटी घातल्या. फक्त कमी प्रदूषण करणारे 'हरित' फटाके, दिवाळीला रात्री ८ ते १० एवढीच वेळ, माळांवर बंदी, ऑनलाइन विक्रीवर बंदी, बेरियमच्या क्षारांवर बंदी. सण साजरा करण्याचा धार्मिक हक्क आहे, पण तो जगण्याच्या हक्कापेक्षा मोठा नाही, अशी त्यामागची भूमिका होती. हे निर्देश फक्त दिल्लीपुरते नाहीत, देशभर लागू आहेत, असं न्यायालयाला नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगावं लागलं.

दिल्लीनं मात्र २०२० पासून संपूर्ण बंदीचा मार्ग धरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती वर्षभरासाठी केली.

व्हायरल होणारा आकडा कुठल्या वेळेचा असतो?

दर दिवाळीनंतर दोन प्रकारचे स्क्रीनशॉट फिरतात. 'बंदी असूनही हवा वाईटच, मग बंदी कशाला?' आणि 'बघा, फटाक्यांनी शहराची काय अवस्था केली!' दोन्हींत आकडा एकच असतो, आणि तो नेमका कोणत्या वेळेचा हे सहसा दोघांनाही ठाऊक नसतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ रोज दुपारी ४ वाजता मागच्या २४ तासांची सरासरी जाहीर करतं. म्हणजे दिवाळीच्या तारखेला जो आकडा येतो, त्यात दिवाळीची रात्र नसतेच! ती दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात येते, आणि तिथंही मध्यरात्रीचा उच्चांक दुपारच्या तुलनेनं बऱ्या हवेत मिसळून सौम्य दिसतो. शिवाय आपला निर्देशांक ५०० वर थांबतो. हवा त्याहून कितीही वाईट झाली तरी आकडा पुढे सरकत नाही.

हे लक्षात घेऊन दिल्लीचे आकडे पाहावे लागतात. २०२१ मध्ये दिवाळीला ३८२ आणि दुसऱ्या दिवशी ४६२. २०२२ मध्ये ३१२ आणि ३०३. दोन्ही वर्षी बंदी होती. फरक पडला तो बराचसा हवामानामुळे: २०२२ ची दिवाळी २४ ऑक्टोबरला, थंडी पडण्याआधी आली होती. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, वारा पडलेला असतो आणि धूर झाकण ठेवल्यासारखा खालीच कोंडतो.

सगळ्यात बोलकं वर्ष २०२३. दिवाळीच्या दोन दिवस आधी पाऊस पडून हवा धुऊन निघाली होती, म्हणून दिवाळीचा आकडा २१८ एवढाच होता. दुसऱ्या दिवशी तो ३५८ झाला. वाहनं, बांधकामं, कारखाने, शेतातलं जळतं पाचट यांपैकी काहीही एका रात्रीत इतकं वाढत नाही. वाऱ्याचा थोडा वाटा धरला तरी त्या उडीचं मुख्य कारण फटाके हेच होतं. तेव्हा फटाक्यांनी दिल्ली वर्षभर प्रदूषित होत नाही हे खरं, आणि त्या रात्री हवा त्यांच्यामुळेच बिघडते हेही खरं.

आवाज नाही म्हणजे धूर नाही?

हा समज घरोघरी आहे. सुतळी बॉम्ब नको म्हणून लहान मुलांच्या हातात फुलबाज्या आणि नागगोळ्या दिल्या जातात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये, फटाका उडवणारा जितक्या अंतरावर उभा असतो तिथं, अतिसूक्ष्म धूलिकण मोजले. नागगोळीच्या धुरात त्यांचं प्रमाण घनमीटरमागे ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं. हजाराच्या माळेत ते ३८,५४०, फुलबाजीत १०,३९० आणि भुईनळ्यात ४,८६० होतं. हा काही सेकंदांचा उच्चांक आहे, दिवसभराची सरासरी नव्हे, पण तुलनेसाठी: भारतात २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. आणि नागगोळी पेटवून तिच्यावर वाकून बघतं ते घरातलं सगळ्यात लहान मूल.

हरित फटाके नागपूरचे

हरित फटाक्यांचं सूत्र नागपूरच्या 'नीरी' या संस्थेच्या पुढाकारानं तयार झालं आणि २०१९ मध्ये ते बाजारात आले. 'स्वास', 'स्टार' आणि 'सफल' असे त्यांचे प्रकार. 'स्वास' फुटताना पाण्याची वाफ सोडतो आणि धूळ दाबतो, 'सफल'मध्ये ॲल्युमिनियम कमी असतं. त्यांतून निघणारे धूलिकण साध्या फटाक्यापेक्षा सुमारे ३० टक्के कमी असतात. म्हणजे ७० टक्के उरतातच. 'हरित' या शब्दानं ही गोष्ट झाकली जाते. खोक्यावर हिरवं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो, पण गर्दीच्या दुकानात तो स्कॅन करणारे किती, हा प्रश्नच आहे.

बंदी फसते कुठे?

बंदी दुकानावर चालते, काडीवर नाही. देशातले बहुतांश फटाके तमिळनाडूतल्या शिवकाशी परिसरात बनतात, तिथं लाखो लोकांचं पोट त्यावर आहे आणि कारखाने कायदेशीर आहेत. माल बनतो, निघतो, आणि एका शहरात बंदी असली की शेजारच्या जिल्ह्यातून येतो. दिल्लीत बंदी आणि हद्दीपलीकडे सवलत, असं अनेक वर्षं चाललं. चोरून आलेल्या मालात हरित फटाका कुठला? हीच गोष्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयानं विचारात घेतली आणि राजधानी क्षेत्रात हरित फटाक्यांना सकाळी ६ ते ७ आणि रात्री ८ ते १० अशी परवानगी दिली. त्या दिवाळीला निर्देशांक ३४५ होता, दुसऱ्या दिवशी ३५१. वेळेची मर्यादा किती पाळली गेली, हे मध्यरात्रीनंतरही वाजत राहिलेल्या फटाक्यांनी सांगितलंच.

मुंबईला समुद्र वाचवतो का?

काही प्रमाणात. खारा वारा धूर वाहून नेतो, पण थंडीच्या तोंडावर तोही मंदावतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. फटाक्यांसाठी आधी संध्याकाळी ७ ते १० अशी वेळ ठरली आणि चारच दिवसांत ती ८ ते १० केली गेली.

परंपरेचा मुद्दाही इथं येतो. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नातल्या दारूकामाचं वर्णन आहे आणि पुण्याचे संशोधक प. कृ. गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास सुमारे १४०० पासूनचा मांडला. परंपरा जुनी आहे यात वाद नाही. पण तेव्हाचं दारूकाम दरबारात आणि श्रीमंतांच्या वरातीत व्हायचं, कोटभर माणसांच्या शहरात एकाच रात्री दारोदार नव्हे.

२०२५ च्या आदेशात न्यायालयानं आणखी एक काम सांगितलं होतं: १४ ते २५ ऑक्टोबर या काळात प्रदूषण मंडळांनी हवेची रोज मोजणी करावी, आणि जिथं फटाके जास्त उडतात तिथल्या मातीचे व पाण्याचे नमुने घ्यावेत.