कर्स्टी कोव्हेंट्री : जलतरण तलावापासून ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षपदापर्यंत

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या पहिल्या महिला आणि पहिल्या आफ्रिकी अध्यक्षा कर्स्टी कोव्हेंट्री यांचा जन्म १६ सप्टेंबर १९८३ रोजी झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे झाला. पुढे अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाकडून त्या पोहल्या. २००० ते २०१६ अशा सलग पाच ऑलिम्पिकमध्ये त्यांनी भाग घेतला.

२००४ साली अथेन्सला २०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये सुवर्ण, शिवाय एक रौप्य व एक कांस्य. २००८ साली बीजिंगला तेच सुवर्ण त्यांनी २ मिनिटे ५.२४ सेकंदांच्या विश्वविक्रमासह राखले आणि तीन रौप्यपदकेही मिळवली. १०० मीटरच्या उपांत्य फेरीत विश्वविक्रम करूनही अंतिम फेरीत त्या दुसऱ्या आल्या. झिंबाब्वेच्या एकूण आठ ऑलिम्पिक पदकांपैकी सात एकट्या कोव्हेंट्रींची. आठवे १९८० सालचे मॉस्कोतील महिला हॉकीचे सुवर्ण. (त्या स्पर्धेत आपल्या मुली चौथ्या आल्या होत्या, हे आमच्या पिढीला आठवत असेल.)

प्रशासनातला प्रवास मात्र इतका सरळ नाही. २०१३ पासून त्या खेळाडूंच्या प्रतिनिधी म्हणून ऑलिम्पिक समितीवर आल्या आणि २०१८ मध्ये खेळाडू आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी त्या मायदेशी क्रीडामंत्रीही झाल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील सरकारी क्रीडा आयोगाने फुटबॉल संघटनेचे मंडळ निलंबित केले. पैशांचा गैरव्यवहार आणि महिला पंचांचा लैंगिक छळ, असे गंभीर आरोप होते. तरीही फिफाने तो सरकारी हस्तक्षेप मानला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये झिंबाब्वेवरच बंदी घातली. ती जुलै २०२३ मध्ये उठली. आमच्या मते चौकशी हवीच होती, पण दीड वर्ष मैदानाबाहेर बसले ते निरपराध खेळाडू. संघटनांची स्वायत्तता जपणे हे आता ज्यांचे काम आहे, त्यांनी ही बाजू मंत्र्याच्या खुर्चीतून पाहिलेली आहे.

२० मार्च २०२५ रोजी ग्रीसमध्ये निवडणूक झाली. सात उमेदवारांत माजी अध्यक्षांचे चिरंजीव सामारांच आणि धावपटू सेबॅस्टियन को हेही होते. ९७ पैकी ४९ मते घेऊन कोव्हेंट्री पहिल्याच फेरीत जिंकल्या. बहुमताला लागतात तेवढीच, एकही जास्त नाही! जूनमध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली. मुदत आठ वर्षांची आहे. २०२८ चे लॉस एंजेलिस ऑलिम्पिक त्यांच्याच कारकिर्दीत होईल आणि समितीच्या २०२३ च्या मुंबई अधिवेशनातील निर्णयानुसार त्यात १९०० नंतर प्रथमच क्रिकेट खेळले जाईल.