कोळंबीची पिल्लं कुठे जातात?

घरातल्या काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी पाळणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. मादीच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस दिसू लागतो. पोटाखालचे पाय हलवून ती अंड्यांना सतत ताजं पाणी मिळेल असं पाहते. साधारण तीन आठवड्यांत अंडी राखाडी होतात आणि एके दिवशी टाकीत असंख्य बारीक ठिपके पोहताना दिसतात, तेही उलटे, शेपटी पुढे करून. ही कोळंबीची नुकती जन्मलेली पिल्लं, म्हणजे डिंभ. पण दोन-चार दिवसांत ती सगळी मरून जातात. पाणी स्वच्छ असतं, खाणंही भरपूर असतं, तरी एकही जगत नाही. असं का व्हावं?

या प्रश्नाचं उत्तर १९६१ साली मिळालं. तोवर माणूस ही कोळंबी शतकानुशतकं पकडून खात होता. तिचं बालपण मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

आधी ही कोळंबी ओळखायची कशी ते पाहू. बाजारातून समुद्रातली एखादी मोठी कोळंबी आणा. तिच्या चालण्याच्या पायांपैकी पुढच्या तीन जोड्यांच्या टोकांना लहान चिमटे दिसतील. पोटावरची कवचं मंगलोरी कौलांसारखी एकावर एक बसलेली असतील. गोड्या पाण्यातल्या आपल्या कोळंबीत चिमटे दोनच जोड्यांना असतात. पहिली जोडी बारीक असते, दुसरी लांबलचक. मोठ्या नरात ही दुसरी जोडी शरीरापेक्षाही लांब होते. पोटावरचं दुसरं कवच पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कवचांवर चढलेलं असतं. शोभेच्या टाकीत ठेवतात त्या लहान, निरुपद्रवी कोळंब्यांचे चिमटे इवलेसे असतात आणि त्यांच्या टोकाला ब्रशसारखे केस असतात. त्या केसांनी त्या शेवाळ खरवडून खातात. तेव्हा सूत्र सोपं आहे: ब्रश दिसला तर चरणारी, लांब हात दिसला तर शिकारी. या शिकारी गटाचं शास्त्रीय नावच ‘मॅक्रोब्रॅकियम’ आहे. त्याचा ग्रीक अर्थ लांब हातांची. हे नाव स्पेन्स बेट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८६८ साली दिलं.

या गटातली सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. नर सुमारे ३२ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, मादी २५ पर्यंत. तिचं ओळखता येईल असं चित्र १७०५ साली छापलेल्या रुम्फियसच्या ग्रंथात आहे. रुम्फियस इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर डच कंपनीच्या नोकरीत होता. १६७० साली त्याची दृष्टी गेली, तरी त्याने निसर्गाच्या नोंदी करणं सोडलं नाही. ग्रंथ छापून झाला तेव्हा मात्र तो हयात नव्हता.

चित्र झालं, पण नावाचा घोळ पुढे दीर्घकाळ चालला. लिनियसने १७५८ साली ‘कार्सिनस’ हे नाव दिलं होतं. ते खरं तर अमेरिकेतल्या एका लांब हातांच्या कोळंबीचं. तरीही आशियातली कोळंबी अनेक वर्षं त्याच नावाने पुस्तकांत वावरत होती. १८७९ साली द मान या डच शास्त्रज्ञाने न्यू गिनीतल्या नमुन्यांवरून वेगळं वर्णन केलं आणि तिथे प्राणी गोळा करणाऱ्या रोझेनबर्गचं नाव तिला दिलं. १९५० साली हॉलंडच्या लिप्के होल्थॉइस यांनी या साऱ्या कुळाची नीट मांडणी केली. आपल्याकडेही हे काम होत होतं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकवणाऱ्या हेंडरसन यांनी १८९३ साली भारतातल्या कवचधारी प्राण्यांवर मोठा लेख प्रसिद्ध केला आणि त्यात काही नव्या जाती वर्णिल्या. शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावं असं हे उदाहरण आहे.

नावं लागली, पण पिल्लांचं कोडं तसंच राहिलं. १९६१ साली पेनांग इथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे तज्ज्ञ शाओ-वेन लिंग ही कोळंबी वाढवण्याच्या खटपटीत होते. प्रौढ कोळंबी नदीत, तळ्यात, भातखाचरात, अगदी समुद्रापासून बरीच आतवर सापडते. तेव्हा तिची पिल्लंही गोड्या पाण्यातच वाढत असणार, असं कुणालाही वाटेल. पण गोड्या पाण्यात डिंभ मरत. लिंग यांना आढळलं की पाण्यात मीठ असेल तरच ते जगतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. डिंभांना लागतं त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमच्या आसपास. असं निमखारं पाणी निसर्गात कुठे असतं? नदीच्या मुखाशी, खाडीत.

आता सगळं चित्र जुळलं. अंडी धरलेली मादी प्रवाहाबरोबर खाडीकडे उतरते. डिंभ निमखाऱ्या पाण्यात अकरा अवस्थांमधून जातात. त्यांना बहुधा तीन ते पाच आठवडे लागतात. मग रूप बदलून त्यांची छोटी कोळंबी होते, सरळ पोहू लागते आणि प्रवाहाविरुद्ध वर नदीत चढते. ओल असेल तर ती दगडावरूनही सरपटत जाते. टाकीला झाकण का हवं, याचं उत्तर इथे मिळतं!

१९६५ साली मलेशियातून ही कोळंबी हवाईला नेली गेली. तिथे ताकुजी फुजिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लं मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत बसवली. १९७२च्या सुमारास ती व्यापारी उत्पादनासाठी तयार झाली. आज अनेक देशांत होणाऱ्या शेतीचा पाया या दोघांच्या कामात आहे.

पण पिल्लं मिळाली म्हणून शेती सोपी झाली नाही. कोळंबी वाढताना कात टाकते. त्यानंतर काही काळ तिचं अंग मऊ असतं आणि तेवढ्यात शेजारीण तिला खाऊन टाकू शकते. नरांमध्ये तर दर्जे असतात. १९८०च्या दशकात इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवलं की एकाच वयाच्या नरांत काही निळ्या हातांचे दांडगे, काही नारिंगी हातांचे भराभर वाढणारे आणि काही खुजे राहतात. नारिंगी हातांचा नर पुढे निळ्या हातांचा होतो, तेव्हा तो आधीच्या दांडग्यापेक्षाही मोठा झालेला असतो. घरच्या टाकीसाठी यातून मिळणारा धडा असा: मोठी कोळंबी एकटीच ठेवावी, फुटक्या कुंड्या आणि दगड यांची लपायला जागा करावी आणि लहान मासे तिच्याबरोबर सोडू नयेत. ती रात्री मिशांनी चाचपत शिकार करते, म्हणून मासे सकाळी कमी झालेले दिसतात.

या गटातल्या सगळ्याच जातींना खाडी लागते असं मात्र नाही. हेंडरसन यांनीच वर्णिलेली मॅक्रोब्रॅकियम डायानम ही जात थोडी पण मोठी अंडी घालते. त्यातून बरीच वाढ झालेली पिल्लं बाहेर येतात आणि गोड्या पाण्यातच वाढतात. समुद्राचा संबंध तोडायचा तर अंड्यात शिदोरी जास्त भरावी लागते. उलट रोझेनबर्गीची पूर्ण वाढलेली मादी एका वेळी ८०,००० ते १,००,००० बारीक अंडी धरते. इतकी घालूनही त्यांतली थोडीच जगतात.

लिंग यांचा शोध धरणं-बंधारे बांधणाऱ्यांसाठीही तितकाच महत्त्वाचा होता. नदी आणि खाडी यांचा रस्ता बंद झाला की या कोळंबीचा जन्मक्रम मधोमध तुटतो. केरळात वेंबनाड तलावावर १९७०च्या दशकात तण्णीरमुक्कम बंधारा झाला. कुट्टनाडच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये हा त्याचा हेतू, आणि शेतकऱ्याची ती गरज खरीच होती. पण दारं बंद असताना मादीचा खाली जाण्याचा आणि पिल्लांचा वर येण्याचा मार्ग अडला. वेंबनाडमधली ही कोळंबी घटण्याची जी कारणं दिली जातात, त्यांत हा बंधारा ठळकपणे येतो. गोदावरीसारख्या नद्यांतल्या मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी या आपल्या जातीचेही डिंभ निमखाऱ्या पाण्यातच वाढतात, त्यामुळे तिच्यापुढेही हीच अडचण आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. अंडी राखाडी झालेली मादी मिळाली, तर तिची पिल्लं दोन भांड्यांत ठेवा, एकात गोडं पाणी आणि दुसऱ्यात लिटरमागे १२ ग्रॅम समुद्री मीठ घातलेलं. दोन्हींतली जिवंत पिल्लं रोज मोजून तक्ता करा. उरलेली कोळंबी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका, कारण परक्या पाण्यात शिकारी सोडणं तिथल्या जिवांना महागात पडतं. आणि तक्ता पूर्ण झाला की मुलांना आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर नदीचा समुद्रापर्यंतचा मार्ग काढायला सांगा. वाटेत बंधारे किती लागतात, ते त्यांनाच मोजू द्या.