ह्येचोने लिहिलेला दक्षिणदेश

 जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांचे लेख आहेत. १९७३ साली देव आणि गुप्ते या संशोधकांनी इथे उत्खनन केले. इथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी ठळक साम्य आहे. या मुलखाचा परदेशांशी राबता किती जुना, हे त्यावरून कळते. कोरियाशी असलेल्या जुन्या संबंधाचा मात्र असा ठोस वस्तुपुरावा हाती नाही. आहे तो एक कागद.

१९०८ साली फ्रेंच संशोधक पॉल पेलिओ चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यात जुनी हस्तलिखिते चाळत होता. त्यांत एक कागदी गुंडाळी निघाली. ती साडेतीन मीटरांहून थोडी लांब, २२७ ओळींची. सुरुवात आणि शेवट दोन्ही गेलेले. शीर्षक नाही, लेखकाचे नाव नाही. पेलिओने ती ओळखली एका शब्दसूचीवरून. नवव्या शतकाच्या आरंभी हुइलिन नावाच्या भिक्षूने बौद्ध ग्रंथांतल्या अवघड शब्दांची सूची केली होती. तीत ह्येचो नावाच्या भिक्षूच्या भारतप्रवासाच्या ग्रंथातले शब्द क्रमाने दिले आहेत, आणि गुंडाळीतले शब्द त्याच क्रमाने येतात. पुढे १९१५ साली जपानी पंडित ताकाकुसू यांनी हा ह्येचो सिल्ला राज्याचा, म्हणजे आजच्या कोरियाचा, असल्याचे दाखवले. गुंडाळी आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

ती सूची आणखी एका गोष्टीला उपयोगी पडते. तिच्यानुसार मूळ ग्रंथ तीन खंडांचा होता. पहिल्या खंडातल्या शब्दांत दक्षिण समुद्राकडच्या देशांची नावे येतात. त्यावरून ह्येचो जलमार्गाने भारतात आला, असे अनुमान निघते. परतीचा काळ गुंडाळीतच आहे: कैयुआन शकाच्या पंधराव्या वर्षी, अकराव्या महिन्यात तो मध्य आशियातल्या अन्शी ठाण्यावर पोचला. ते साल इसवी सन ७२७. म्हणजे त्याचा भारतप्रवास त्याआधीच्या काही वर्षांतला.

दक्षिणेविषयीचा मजकूर थोडा आहे, पण नेमका. मध्यदेशातून तीन महिन्यांहून अधिक चालल्यावर दक्षिणेच्या राजाचे ठाणे लागते. राजाकडे आठशे हत्ती. राज्य पूर्व, पश्चिम आणि दक्षिण समुद्राला भिडलेले. पोशाख, खाणेपिणे, चालीरीती मध्यदेशासारख्याच. बोली मात्र थोडी वेगळी आणि ऊन अधिक. सुती कापड, हत्ती, म्हशी, पिवळसर गाईबैल भरपूर, मेंढ्या थोड्या, उंट, खेचरे, गाढवे नाहीत. भातशेती आहे. राजा आणि प्रजा बौद्ध धर्माचा आदर करतात, विहार पुष्कळ आहेत.

राजाचे नाव ह्येचो देत नाही. पण त्या वर्षांत दख्खनवर बदामीच्या चालुक्य विजयादित्याची सत्ता होती (६९६ ते ७३३), आणि वर्णन त्याच्याच राज्याला जुळते. त्याआधी सुमारे ऐंशी वर्षे चिनी भिक्षू शुआनझांग याच घराण्यातल्या दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. हत्तींचे बळ त्यानेही नोंदवले आहे.

आता मोहाची जागा. ह्येचो लिहितो की डोंगरात एक मोठा विहार आहे, बौद्ध आचार्य नागार्जुनाने यक्षांकरवी बांधवलेला. डोंगर कोरूनच त्याचे खांब काढलेले, तीन मजल्यांची इमारत. एके काळी तिथे तीन हजार भिक्षू राहत, आता तो ओसाड आहे. हे वाचले की अजिंठा किंवा वेरूळचे ‘तीन ताल’ लेणे डोळ्यांपुढे येते. तरी कागदावर आहे तेवढेच त्याला बोलू द्यावे. तीन ताल सातव्या-आठव्या शतकातले, म्हणजे ह्येचोच्या काळाच्या आसपास घडलेले. त्याला तेव्हाच ओसाड कसे म्हणावे? शिवाय नागार्जुनाच्या डोंगरातल्या विहाराची कथा शुआनझांगनेही सांगितली आहे, आणि तो ती दक्षिण कोसलात ठेवतो. ह्येचो ऐकीव परंपरा नोंदवतो आहे, अशीच शक्यता जास्त. अजिंठ्याचे नाव गुंडाळीत कुठेही नाही.

त्याच प्रकरणात दक्षिणेतल्या वाटेवर रचलेली त्याची एक कविता आहे, घरच्या आठवणीची. तो स्वतः दक्षिणेत आल्याचा हा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. आठशे हत्तींचा आकडा कुणाकडून ऐकलेला असू शकतो. चांदण्या रात्री उत्तरेकडे बघत वाटलेली गावाची ओढ ऐकीव नसते.

२०१० साली ही गुंडाळी सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली, तेव्हा ती प्रथमच कोरियाच्या भूमीवर पोचली. भारत-कोरिया मैत्रीच्या सभांत ह्येचोचे नाव घेतले जाते, ते घेतले जावेच. मात्र महाराष्ट्रात त्याची गोष्ट सांगताना ‘तो अजिंठ्याला आला होता’ हे वाक्य जोडू नये. तेराशे वर्षांपूर्वी सिल्लाच्या एका भिक्षूने दक्षिणेतले सुती कापड, म्हशी, भात आणि थोडी वेगळी बोली लिहून ठेवली. पुरावा आहे तो एवढ्याचा.