न्यूपोर्टच्या वाटाघाटी : एका राजाच्या शब्दाची पत

पराभूत राजा वाटाघाटींना बसतो तेव्हा त्याच्यापाशी काय उरलेले असते? सैन्य मोडलेले असते, राजधानी शत्रूच्या हाती असते. उरतो तो शब्द. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातील अखेरच्या बोलण्यांचा विचार याच अंगाने व्हायला हवा.

१८ सप्टेंबर १६४८ रोजी वाइट बेटावरील न्यूपोर्ट गावी ही बोलणी सुरू झाली. महिन्याभरापूर्वीच प्रेस्टनच्या लढाईत क्रॉमवेलने राजाच्या स्कॉटिश पाठीराख्यांचा मोड केला होता. पार्लमेंटचे पंधरा प्रतिनिधी आले होते. चर्चमधील बिशपांचे पद कायमचे रद्द करावे, लष्करावरील अधिकार वीस वर्षे पार्लमेंटकडे द्यावा आणि राजपक्षातील प्रमुखांना शासन व्हावे, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. सर्व कलमे मान्य होईपर्यंत एकही कलम बंधनकारक नसावे, ही अट राजाने आधीच घालून घेतली होती.

प्रतिनिधींपैकी अनेकांना तह मनापासून हवा होता. उशीर झाला तर लष्कर सारेच उधळून लावील, हे ते जाणून होते. होलिस आणि ग्रिमस्टन यांनी राजापुढे गुडघे टेकून, जे द्यायचे ते आजच देऊन टाका, अशी विनवणी केली, असे बर्नेटने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. राजाने ऑक्टोबरमध्ये लष्कराचे कलम मान्य केलेही. पण त्याच सुमारास हॉपकिन्स या विश्वासू माणसाला त्याने गुप्तपणे कळवले, की या सवलती केवळ पळून जाण्यास अवसर मिळावा म्हणून दिल्या आहेत. वाटाघाटी चालू असेतो पलायन करणार नाही, असे वचन तो देऊन बसला होता!

हे पत्र विरोधकांच्या हाती नसले तरी संशयाला जुना आधार होता. १६४५ मध्ये नेझबीच्या रणांगणावर सापडलेला राजाचा खाजगी पत्रव्यवहार पार्लमेंटने छापून प्रसिद्ध केला होता. एका पक्षाशी बोलणी चालू असताना दुसऱ्याशी संधान बांधण्याची राजाची रीत तेव्हाच जगजाहीर झाली होती. आता त्याने काहीही कबूल केले तरी त्याच्या कबुलीला पत नव्हती. गंमत अशी, की जिथे तो अडून बसला, तिथे तो प्रामाणिक होता. बिशपांचे पद समूळ नष्ट करण्यास त्याने अखेरपर्यंत मान्यता दिली नाही. ज्याच्या होकारावर कोणी विसंबू नये, त्याचा नकार मात्र खरा होता.

तरीही तह होता होता राहिला. ५ डिसेंबरला, रात्रभर चाललेल्या चर्चेनंतर, कॉमन्स सभेने १२९ विरुद्ध ८३ मतांनी राजाची उत्तरे पुढील समझोत्याला आधारभूत मानली. त्या बाजूने प्रदीर्घ भाषण करणाऱ्यांत विल्यम प्रिन होता. नाटकांवर टीका करणाऱ्या ग्रंथापायी याच राजाच्या कारकिर्दीत त्याचे कान कापले गेले होते. ज्याने राजाकडून इतके सोसले, तोच राजाशी तह करा म्हणत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नल प्राइडचे सैनिक सभागृहाच्या दाराशी उभे राहिले. प्रिनसह चाळीसहून अधिक सदस्यांना अटक झाली, इतर कित्येकांना दारातूनच परतवले. पार्लमेंटच्या शब्दाचीही पत तिथेच संपली. ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. राजाच्या नावे ‘आयकॉन बॅसिलिकी’ हे आत्मनिवेदन प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. खुद्द मिल्टनला त्याचे खंडन लिहावे लागले. जिवंत राजाच्या सहीवर ज्यांनी विश्वास ठेवला नसता, असे वाचकही मृत राजाच्या शब्दांनी हेलावले. ते शब्द तरी त्याचे होते का? पुढे जॉन गॉडन या धर्मोपदेशकाने त्यांवर हक्क सांगितला, आणि लेखकत्वाचा हा वाद शतकानुशतके चालत राहिला.