आगाडी-पिछाडी

'घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. ओझ्यानं आणि हेलपाट्यानं जेवढे घोडे गेले असतील, त्याहून फारसे कमी घोडे वैरणीपाशी, आपल्याच जोडीदाराच्या लाथेनं गेले नसावेत. ही गोष्ट घोडा बाळगणाऱ्याला ठाऊक असायची. आता घोडेच गेले, म्हणून त्यांच्याबरोबर हे शहाणपणही चाललं आहे. आमच्या पालीत हल्ली घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीपुरता, तोही बाहेरगावाहून आलेला. अलिबागच्या किनाऱ्यावर आणि माथेरानच्या डोंगरावर घोडे अजून पोट भरतात. सुधागडात मात्र 'ठाण', 'तोबरा', 'खरारा', 'चंदी' हे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरले.

पाली हे बल्लाळेश्वराचं गाव. डोक्यावर सरसगड, खाली अंबा नदी. सुधागड तालुका 1948 सालापर्यंत भोर संस्थानात होता. राजधानी घाटावर आणि हा मुलूख घाटाखाली, त्यामुळे कागद, वसूल, माणसं सारी घाटवाटांनी चढ-उतार करायची. मोठं सामान नागोठण्याच्या बंदरात खाडीतून यायचं. खोपोलीला 1856 साली रेल्वे आली, आणि गणपतीला येणारा मुंबईचा यात्रेकरू तिथं उतरून पुढे बैलगाडीनं नाहीतर टांग्यानं येऊ लागला. माघातला उत्सव आणि भाद्रपदातला उत्सव हे टांगेवाल्यांचे दोन सुगीचे हंगाम. आमच्या आजोबांचा टांगा त्यांतलाच. जवळच्या फेऱ्यांना एक जनावर पुरायचं, पण खोपोलीचा पल्ला लांबचा, म्हणून एक थकलं की दुसरं जुंपायला दोन लागायची.

लाली ही तांबडी घोडी घरात आधीपासून होती. पाखऱ्या हा अंगावर पांढरे ठिपके असलेला जवान घोडा आजोबांनी घाटावरून आणला. रस्ता कोरडा होता तोवर दोघांचं बरं चाललं, कारण एक टांग्याला असला की दुसरा घरी. पंचाईत झाली ती पावसाळ्यात. अंबेच्या पुलावरून पाणी गेलं की पाली तुटायची. टांगा चार महिने शेडीत उभा. दोन्ही जनावरं गोठ्यामागच्या कुंपणाच्या जागेत मोकळी, दिवसभर समोरासमोर, कामाविना. वैरण एकाच ढिगात पडायची.

पहिल्यांदा ओळखलं ते आजीनं. ती म्हणाली, "अहो, हा मागंच उभा राहतो. ती कान पाडून नुसती बघते, की हा सरकला. ह्याच्या पोटात काय जातंय?" खरंच होतं. लाली लाथ मारत नव्हती. तिनं कान मागं चिकटवले, मान लांब केली, की पाखऱ्या ढिगापासून दहा पावलं दूर. पाण्याच्या डोणीवरही तेच. त्याच्या वशिंडापाशी आणि पुठ्ठ्यावर दातांचे केस उडालेले ठिपके दिसू लागले. जुन्या कसलेल्या माणसाला एवढं पुरे. घोड्यांत वरचढपणा असतोच, त्याशिवाय कळप चालत नाही. पण मोकळ्या रानात दबलेल्या जनावराला पळायला जागा असते. कुंपणात ती नसते. कोपऱ्यात सापडलेल्याला पळता आलं नाही, की कान पाडण्याचं पुढे दुगाण्या झाडण्यात रूपांतर होतं.

श्रावणातल्या एका सकाळी पाखऱ्या तीन पायांवर उभा होता. डावा मागचा पाय टेकवत नव्हता. आतल्या अंगाला, ढोपराच्या सांध्याच्या वर, नालेच्या आकाराची जखम होती. रक्त फार नव्हतं. गावात बातमी पसरली, आणि जो तो येऊन एकच सांगू लागला, की घोड्याचा पाय गेला म्हणजे घोडा गेला. आमच्या घरापुरता त्याचा अर्थ असा, की खोपोलीच्या फेऱ्या गेल्या, म्हणजे निम्मी कमाई गेली. आजोबा कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी नागोठण्याकडच्या एका वयस्क नालबंदाला निरोप धाडला. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी तो आला. त्याला आम्ही चाचा म्हणायचो.

नालबंद हा नुसता नाल ठोकणारा नसे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. तीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आहे. पाणी देणारा आणि पाय पाहणारा, एवढे दोघं प्रत्येक तुकडीबरोबर हवेतच, असा त्याचा अर्थ. घोड्याच्या वैद्याला आपण सालोत्री म्हणतो. तो शब्द आला शालिहोत्र ऋषींच्या नावावरून, ज्यांना अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य मानतात. मुंबईत पशुवैद्यकाचं कॉलेज 1886 साली निघालं. पण आमच्यासारख्या आडगावी त्यानंतरही कित्येक वर्षं सालोत्री आणि नालबंद हे एकाच माणसाचे दोन धंदे राहिले.

चाचानं आधी जखमेला हातच लावला नाही. लांबून घोडा कसा उभा आहे ते पाहिलं. मग चांगल्या पायाचा खूर हातानं चाचपला. मग दुखऱ्या पायाची नळी वरून खाली दोन बोटांनी दाबत आला. एका जागी पाखऱ्यानं अंग चोरलं. चाचा उठला आणि आजोबांना म्हणाला, "भाऊ, जखम भरंल. तिची फिकीर नाय. पन ह्याला बसू द्यायचा नाय. दीड महिना."

त्याचं कारण त्यानं मडक्याच्या उपमेनं सांगितलं. मडक्याला बारीक तडा गेला तरी ते पाणी धरतं, पण एकदा उचलून आपटलं की दोन तुकडे. त्या जागी आतल्या बाजूला हाडावर मांस नसतं, नुसतं कातडं. लाथ थेट हाडावर बसते आणि हाडाला चीर जाते. घोडा दोन दिवसांत पाय टेकू लागतो, माणसाला वाटतं बरा झाला. मग तो रात्री बसतो, पहाटे उठताना सगळा भार मागच्या पायांवर घेतो, आणि चिरलेलं हाड तिथं दुभंगतं. आजचे पशुवैद्यही हेच सांगतात, फक्त चीर गेली की नाही ते एक्स-रे काढून पाहतात. तेसुद्धा नव्या चिरेच्या बाबतीत पहिल्या दिवशी खात्रीनं दिसेलच असं नाही, म्हणून असा घोडा संशयावरही उभा बांधून ठेवतात.

घोड्याला उभ्यानं डुलकी घेता येते. मागच्या पायाची वाटी अडकवून तो एका पायावर भार टाकतो आणि दुसरा सैल सोडतो. त्याचा फायदा घ्यायचा. गोठ्याच्या तुळईला दोन्ही बाजूंनी दोर बांधून मोहरकी अशी ताणली, की मान हलेल, तोंड वैरणीला पोचेल, पण गुडघे टेकता येणार नाहीत. घरातली मोठी माणसं पाळीपाळीनं रात्री कंदील घेऊन जवळ बसत. आम्हा पोरांना संध्याकाळचा पहारा होता.

बाकीचं औषध साधं होतं. पहिले तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ विहिरीचं गार पाणी सुजेवर धार धरून सोडायचं. जखम कडुनिंबाच्या पाल्याच्या उकळून निववलेल्या पाण्यानं धुवायची. पावसाळ्यात माश्या बसून जखमेत किडे पडतात, म्हणून भोवती करंजेल लावायचं, जखमेच्या आत नाही. चंदी एकदम तोडायची. उभ्या घोड्याला हरभरा दिला तर पोटशूळ उठतो. नुसतं गवत आणि थोडा कोंडा. चांगल्या पायाचा खूर रोज हातानं पाहायचा, गरम लागतो का. सगळा भार त्याच पायावर पडतो आणि दुखऱ्या पायाच्या नादात चांगला पाय गमावतो, हे चाचाचं सांगणं. आणखी एक पारख त्यानं शिकवली. हनुवटीखाली हलकी टिचकी मारायची. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातलं पांढरं पातळ कातडं बुबुळावर झरकन आलं, तर धनुर्वात. लिदीच्या जागी राहणाऱ्या जनावराला त्याचं भय फार. धनुर्वातावरचं प्रतिविष माणसाला मिळालं ते घोड्यांच्याच रक्तातून. 1890 साली बेरिंग आणि किटासाटो यांनी प्रतिविषाचा शोध लावला, आणि पुढे मोठ्या प्रमाणावर ते घोड्यांच्या अंगात तयार करून घेतलं गेलं. मुंबईच्या हाफकिन संस्थेतलं सापाच्या विषावरचं औषधही घोड्यांच्याच रक्तातून आलं. माणसाचं हे देणं घोड्याला आहे.

पण पाखऱ्या खाईना. जखम बरी दिसत होती, सूज उतरत होती, तरी घोडा गवताला तोंड लावीना. मान फिरवून सारखा खिंकाळायचा. लालीला आजोबांनी पार दुसऱ्या अंगाला, खळ्यापलीकडे बांधली होती. चाचा आठवड्यानं आला तेव्हा त्यानं विचारलं, "ती कुठं हाय?" आणि दुखावणाऱ्या घोडीलाच पुन्हा जवळ आणायला सांगितलं. आजी चिडली. "तिनं मारलं न् तिलाच आणायची?" चाचा म्हणाला, "दिसू दे त्याला. पोचू देऊ नका." मध्ये जाड बांबूंचा आडोसा केला, दोघांत आठ हात अंतर ठेवलं, आणि लालीला तिथं बांधलं. त्या संध्याकाळी पाखऱ्यानं गवत ओढलं. घोडा एकटा राहू शकत नाही. त्याला मारणाराही त्याचा कळपच असतो.

लालीला बांधलं ते आगाडी-पिछाडी घालून. आगाडी म्हणजे तोंडाकडच्या दोन दोऱ्या, दोन बाजूंच्या मेखांना. पिछाडी म्हणजे मागच्या पायांची दोरी, मागच्या मेखेला. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही शब्द आहेत. मराठ्यांच्या छावणीत घोडे असेच रांगेनं बांधत. मला लहानपणी वाटायचं की घोडा पळू नये म्हणून हे. पळू नये म्हणून आगाडी पुरते. पिछाडी असते ती शेजारच्या घोड्यासाठी. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये हे माणसाला सांगता येतं. शेजारच्या घोड्याला ते सांगता येत नाही, म्हणून दोरी.

पुढे मोठेपणी कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं अश्वाध्यक्षाचं प्रकरण वाचलं, तेव्हा चाचाची आठवण झाली. तिथं प्रत्येक घोड्याला स्वतंत्र ठाण सांगितलं आहे, घोड्याच्या लांबीइतकं चौरस, खाली गुळगुळीत फळ्या, वैरणीचा वेगळा कोठा. घोड्या, वळू आणि शिंगरं एकमेकांपासून अलग. आणि उपचारानं रोग वाढला तर वैद्याला दंडही आहे. औषधाआधी जागा, हा तिथला क्रम.

शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. बहुतेक लोक ते रयतेच्या काळजीसाठी वाचतात. मी ते घोड्यांसाठी वाचतो. कोकणातला पावसाळा, बाहेर जाता येत नाही, पागा एका जागी कोंडलेली. महाराज लिहितात ते तलवारीबद्दल नाही, वैरणीबद्दल. साठवलेला दाणागवत आत्ताच उधळला तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्यावर येईल. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल, गवताला आग लागेल. राज्य चालवणारा माणूस उंदराच्या वातीचा विचार करतो, कारण घोडा मैदानात मरतो त्याहून ठाणावर मरणं सोपं, हे त्याला माहीत आहे.

दीड महिना झाला. पहिल्या रात्री दोर सोडले तेव्हा घरात कुणी झोपलं नाही. पाखऱ्यानं पेंढ्यात दोन घिरट्या घातल्या, पाय दुमडले आणि बसला. पहाटे उठला. आवाज झाला नाही, पाय वाकला नाही. आजीनं तिथूनच बल्लाळेश्वराच्या दिशेनं हात जोडले. दिवाळीनंतर त्याला हातानं चालवत उन्हेऱ्याला नेऊ लागलो. पालीपासून जवळच ही गरम पाण्याची कुंडं आहेत. ताज्या सुजेला गार पाणी, जुन्या आखडलेल्या सांध्याला गरम, हा चाचाचा नियम. कुंडातून वाहून जाणारं पाणी बादलीनं पायावर सोडायचं. माघी उत्सवात तो हलक्या फेऱ्यांना जुंपला. थंडीच्या सकाळी पाय थोडा आखडायचा, तेवढी खूण राहिली.

पुढच्या पावसाळ्यात वैरणीचे ढीग तीन झाले, घोडे दोनच. एकाला हाकललं की त्याला जायला तिसरा ढीग मोकळा. डोणी दोन. पावसाळ्याला लालीचे मागचे नाल काढले. भांडण थांबलं नाही, लाली कान पाडतच राहिली. पण त्यापुढे कुणाला लागलं नाही.

एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर 1 जून 1948ला धावली. आमच्या रस्त्याला तिची सवय व्हायला आणखी काही वर्षं लागली. मग यात्रेकरू टांग्याची वाट पाहीनासा झाला. आजोबांनी दोन्ही जनावरं एकाच गिऱ्हाइकाला विकली. सुटी विकली असती तर जास्त पैसे आले असते. सौदा झाल्यावर त्यांनी घेणाऱ्याला एवढंच बजावलं, "दोघांना एका दावणीला बांधू नका. पण एकमेकांच्या नजरेआडही करू नका."