केडगावच्या मुली

गेल्या उन्हाळ्यात समाजकार्याचे शिक्षण घेणारी एक मुलगी महिनाभर आपल्या मंडळात प्रात्यक्षिकासाठी येत होती. "मावशी, दुसऱ्याचे दुःख ऐकून घेणेसुद्धा शिकावे लागते," असे ती म्हणाली तेव्हा मला हसू आले. बायकांना हे काय शिकवायचे?

पण मग आठवले. आमच्या शेजारणीचे मालक कर्जापायी गेले, तेव्हा मी लगेच जाऊन "देवाची इच्छा, आता लेकरांकडे बघ" असे सांगून आले होते. त्यानंतर ती मला टाळू लागली.

म्हणून पंडिता रमाबाईंचे चरित्र हळूहळू वाचून काढले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच, भगिनींनी चूकभूल पोटात घालावी.

रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेस गेल्या. डॉक्टर होण्याची इच्छा होती, पण कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ती राहून गेली. वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. तिथून त्यांना लंडनमधील फुलहॅमला पाठवण्यात आले. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ह्या भगिनी तिथे मायेने सांभाळीत. रमाबाईंना सर्वांत नवल वाटले ते पुढचे. पूर्वी त्या आश्रयगृहात राहिलेल्या काही बायका आता स्वतःच आजारी-दुबळ्यांची सेवा करीत होत्या! त्याच वर्षी रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला. त्यावरून पुढे पुण्यात केवढे वादळ उठले, त्यात मी शिरत नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्याच वर्षी पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली, विधवा घेऊन आल्या. स्वतः रमाबाईंचे आईवडील उपासमारीत गेलेले. त्या मुलींची भूक त्यांना सांगावी लागत नव्हती. पुण्यात प्लेग होता, म्हणून सोलापूरच्या रेल्वेमार्गावरील केडगावी माळावर बिऱ्हाड थाटले. तेच मुक्ती सदन. १८९९-१९०० चा दुष्काळ तर आपल्या वऱ्हाडालाही भोवला. त्या वेळी गुजरातेतूनही मुली आल्या.

इतक्या जणींना सांभाळणार कोण? आधी आलेल्या मोठ्या मुलींच्या हाती लहान मुली दिल्या. न्हाऊ घालणे, भरवणे, रात्री दचकून रडली तर जवळ घेणे, हाच त्यांचा अभ्यास. काल जिला कोणी उचलून आणले, तीच आज दुसरीला उचलीत होती. फुलहॅमसारखेच टाकलेल्या स्त्रियांसाठी केडगावी कृपा सदनही निघाले. रमाबाई १९२२ साली वारल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे.

आपल्या विदर्भातही यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली आणि १९८३ मध्ये पुण्यास गेली. पण माझे मन केडगावच्या त्या मुलींपाशीच राहिले.

परवा शेजारणीकडे गेले. चहा तिनेच केला. बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग ती बोलू लागली, आणि दिवेलागण होईपर्यंत बोलत होती.